बाजेखालची शेगडी आणि मोरिओकातला हीटर

आत्याने बूट काढायच्या आधीच विचारलं, “रॉकेल कुठे ठेवलंयस?”

स्टेशनपासून घरापर्यंत ती फक्त बाळाबद्दल बोलत होती. दूध पुरतं का, रात्री किती वेळा उठतं, टाळू भरतेय का. दार सरकवलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. मला त्या वासाची सवय झाली होती, त्यामुळे घरात वास आहे हेच मी विसरले होते. आत्या तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होती आणि त्यातली अकरा वर्षं जळीत वॉर्डात. हा वास तिला कुठेही ओळखता येतो.

“तिथे कोपऱ्यात, लाल कॅनमध्ये,” मी म्हटलं. “इथे सगळेच वापरतात, आत्या.”

“सगळे वापरतात म्हणून मी विचारलं नाही. बाळ कुठे निजतं आणि रॉकेल कुठे असतं, एवढं सांग.”

मोरिओका हे जपानच्या ईशान्येकडच्या इवाते प्रांतातलं शहर. जानेवारीत पहाटे उणे ५ ही इथे नेहमीची गोष्ट. आम्ही भाड्याने घेतलेलं घर जुनं, लाकडी. भिंती पातळ, खिडक्यांना एकच काच, जमिनीवर ततामीच्या चटया. पुष्कळ नव्या इमारतींत रॉकेलच्या हीटरला परवानगी नसते. या घरात होती, आणि त्याशिवाय इथला हिवाळा निघाला नसता. बाळ ऑक्टोबरात झालं आणि नोव्हेंबरच्या शेवटी, पहिल्या बर्फाच्या सुमारास, आत्या माझ्या बाळंतपणासाठी आली. आई नाही, त्यामुळे माहेर म्हणजे आत्याच.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी एका हीटरवरून जितकं बोललो तितकं आयुष्यात कशावरून बोललो नसू. आमची मतं शेवटपर्यंत पूर्ण जुळली नाहीत. त्या बोलण्यातलं जे कुणाच्या तरी उपयोगी पडेल ते इथे लिहिते आहे.

पहिल्याच संध्याकाळी ती हीटरसमोर हात बांधून उभी राहिली. गुडघ्याइतकं उंच यंत्र, मागे चकचकीत पत्र्याचा आरसा, मध्ये जाळीचं नळकांडं, पुढे तारांचा कठडा.

“हा भडकत नाही?”

“नाही. आपला पितळी स्टोव्ह वेगळा. त्यात तू पंप मारून टाकीत हवा भरतेस. दाबाखालचं रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये जातं, त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून फवारते. छिद्र तुंबलं की पिन मारायची. पिन मारूनही नाही सुटलं, तर दाब दुसरीकडून वाट काढतो. याच्यात दाबच नाही. वात आपली आपण रॉकेल वर ओढते, दिव्यासारखी.”

“वातीचे स्टोव्हही माझ्या वॉर्डात आलेत,” ती म्हणाली. “पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना. खाली बसून स्वयंपाक करताना पदर लागून. आणि जे स्टोव्हमुळे आलेच नव्हते, तेही स्टोव्हच्या नावावर आले.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय. आमच्या घरात हा विषय मोठ्या माणसांनी कधी मुलांसमोर काढला नाही.

“रात्री दोन वाजता आणायचे. विशीतली पोर. सासू बाजूला उभी, नवरा दाराशी. जबानी एकच, स्टोव्हचा भडका उडाला. आणि केसांना वरपासून रॉकेलचा वास. स्टोव्हचा भडका उडाला तर तो पोटाला लागेल, छातीला लागेल, हाताला लागेल. डोक्यावरून रॉकेल कसं येईल ग? १९८३ मध्ये छळाचं कलम ४९८ अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४ ब आलं. त्यानंतरसुद्धा जबानी बदलायला वेळ लागला. म्हणून रॉकेल म्हटलं की मला यंत्र दिसत नाही. त्या पोरी दिसतात.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हटलं, “मग तू माझ्यासोबत उभी राहा. भरताना, पेटवताना, विझवताना. जे चुकेल ते सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भरणं पाहिलं.

रॉकेल इथे पेट्रोलपंपावर मिळतं. शिवाय छोट्या टँकरमधून दारोदार येतं, गाडीवर बर्फाच्या एका बालगीताची धून लावलेली असते आणि गल्लीतली मुलंही ती ऐकून ‘तोयु आलं’, म्हणजे रॉकेल आलं, म्हणतात. कॅन १८ लिटरचा. जपानच्या पूर्वेकडे तो लाल असतो, पश्चिमेकडे निळा. रंग शोभेचा नाही. उजेडाने रॉकेल खराब होतं, म्हणून कॅन पारदर्शक नसतो, आणि तो उन्हातही ठेवायचा नाही.

“पाण्यासारखं दिसतंय,” आत्या म्हणाली. रेशनचं निळं रॉकेल पाहिलेल्या माणसाला हे पांढरं स्वच्छ रॉकेल पाहून आधी भीतीच वाटते. “हे बाटलीत काढून ठेवत नाहीस ना कधी?”

“नाही.”

“कधीच नाही. थंड पेयाच्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल प्यायलेली किती पोरं बघितलीत. आणि आई काय करते? घशात बोट घालून उलटी काढते. तिथेच घात होतो. पोटात गेलेलं रॉकेल तितकं वाईट नसतं, उलटीच्या वेळी फुप्फुसात गेलेलं वाईट. उलटी काढायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.”

हे मला ठाऊक नव्हतं. हीटरचं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं होतं. त्यात बाटलीची गोष्ट नव्हती.

मी तिला बोटाची परीक्षा दाखवली. अंगणात, आगीपासून लांब, एक थेंब बोटाच्या टोकावर घ्यायचा. पेट्रोल असेल तर क्षणात उडून जातं, बोट कोरडं आणि गार लागतं. रॉकेल असेल तर बोट ओलं, तेलकट राहतं. ही परीक्षा अशासाठी की एकाच पंपावर दोन्ही मिळतात आणि कधी ना कधी कुणीतरी चुकीचा कॅन भरून आणतं. पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या कितीतरी खालच्या थंडीतही पेट घेते. इथलं रॉकेल मात्र ४० अंशांच्या खाली ठिणगीने सहजी पेटत नाही. हीटरची सगळी रचना या एका फरकावर उभी आहे. त्यात पेट्रोल मिसळलं तर वात खाली केली तरी ज्योत आवरत नाही.

भरायची पद्धत अशी. हीटर विझवायचा. विझलाय हे डोळ्यांनी बघायचं. मग आतली सुटी टाकी उचलून बाहेर, बूट काढायच्या जागी आणायची. खोलीत भरायची नाही. हातपंपाची एक नळी कॅनमध्ये, एक टाकीत. काठोकाठ भरायची नाही, कारण उबेत आल्यावर रॉकेल फुगतं. झाकण फिरवून घट्ट लावायचं. आणि मग, हे सगळ्यांत महत्त्वाचं, टाकी उलटी धरून झाकणाखाली कागद लावून बघायचा. हीटरमध्ये ती उलटीच बसते. झाकण अर्धवट लागलं असेल तर तापलेल्या पत्र्यावर रॉकेल सांडतं. जपानमध्ये अशा हीटरच्या आगी बऱ्याचदा इथेच लागल्या आहेत, पेटता हीटर आणि सैल झाकण. १ एप्रिल २०११ पासून तिथे सुरक्षेच्या तपासणीची पीएससी ही खूण नसलेला रॉकेलचा हीटर विकता येत नाही. झाकण नीट बसलं की ते हाताला किंवा कानाला कळलं पाहिजे, ही अपेक्षा त्यामागे आहे.

आत्याने टाकी माझ्या हातातून घेतली, स्वतः उलटी धरली, कागद लावला आणि साठ मोजले. मी पाच मोजत असे.

“मला घाई नसते,” ती म्हणाली. “तुला असेल.”

त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट समजून घेतली. कोरड्या वातीचा नवा हीटर भरला की लगेच पेटवायचा नसतो. वीस-तीस मिनिटं थांबायचं, वात वरपर्यंत भिजू द्यायची. नाहीतर रॉकेलऐवजी वातच जळते. वात पुरती भिजली असेल तर ती स्वतः फारशी जळत नाही, जळते ती तिच्या टोकावरची वाफ. हे तिला पटकन पटलं. तिच्या देवघरातल्या निरांजनालाही तेच लागू आहे.

पेटवताना आमचं पहिलं खरं भांडण झालं.

बटण दाबलं, सेलवरच्या तारेने वात पेटली. मी मूठ धरून जाळीचं नळकांडं डावी-उजवीकडे दोन-तीनदा हलवलं. ते सपाट बसावं लागतं. एका बाजूला उचललेलं राहिलं तर त्या बाजूची ज्योत उंच जाते आणि काजळी धरते. पाच मिनिटांत जाळी सगळीकडून सारखी लाल झाली. सुरुवातीचा वास कमी झाला.

“आता बारीक कर,” आत्या म्हणाली. “बाळाच्या घरात मंद आच पुरे.”

“बारीक नाही करायचा.”

“का?”

“वात फार खाली घेतली की जाळी गार पडते. गार जाळीत रॉकेल पुरतं जळत नाही. वास येतो, डोळे चुरचुरतात आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. खोली फार तापली तर विझवायचा. मंद करून ठेवायचा नाही.”

हे तिला रुचलं नाही. गॅस बारीक करायची, चुलीतलं लाकूड मागे ओढायची सवय. मंद म्हणजे सुरक्षित, हे हातात बसलेलं असतं. आणि तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पुस्तकात वातीच्या दोन खुणा दिलेल्या असतात आणि त्यांच्या मधली जागा वापरता येते. पण ज्योत पिवळी होऊन लवलवली की खूप वर, वास येऊ लागला की खूप खाली. मधली जागा अरुंद आहे. तिने दोन दिवस ती जागा स्वतः शोधली, नाकाने आणि डोळ्यांनी. तिसऱ्या दिवशी नळकांड्याकडे न बघता, स्वयंपाकघरातून ती म्हणाली, “तुझी वात चढलीय.” खरंच चढली होती.

पण खिडकीवरून जे झालं ते तसं मिटलं नाही.

इथे शिकवतात की हीटर चालू असताना तासातून एकदा-दोनदा, मिनिट-दोन मिनिटं खिडकी उघडायची. शक्यतो समोरासमोरच्या दोन. मी उठले आणि खिडकी सरकवली. बर्फाची गार झुळूक आली. आत्या ताडकन उठली आणि तिने खिडकी लावली.

“ओली बाळंतीण तू. वारं घेतेस अंगावर?”

“आत्या, तू सिस्टर आहेस.”

“सिस्टर आहे तशी आत्याही आहे. कानाला बांध आधी.”

मी कान बांधले, शाल घेतली, बाळाला आतल्या खोलीत नेलं आणि परत खिडकी उघडली. ती काही बोलली नाही. खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळत होतं. ते बोटाने पुसून मी तिला दाखवलं. हे पाणी हीटरमधून येतं. १ लिटर रॉकेल जळलं की जवळजवळ १ लिटर पाण्याची वाफ खोलीत सुटते. धुराड्याशिवायचा हीटर जे काही तयार करतो ते सगळं आपल्याच खोलीत राहतं. काचेवरचं पाणी दिसतं, बाकीचं दिसत नाही.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. आत्याला हिशेब आवडतो. १ लिटर रॉकेल म्हणजे ढोबळमानाने १० युनिट उष्णता. आमचा हीटर अडीच किलोवॅटचा, म्हणजे तासाला पाव लिटर. पाव लिटर पुरतं जळायला सुमारे अडीच घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. सहा ततामींची खोली साधारण १० चौरस मीटरची, म्हणजे २४ घनमीटर हवा. खोली पूर्ण बंद धरली तर तासाभरात तिच्यातला दहावा हिस्सा ऑक्सिजन संपला. २१ टक्क्यांचा १९ झाला. दोन तासांनी १७. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. म्हणून तासाला खिडकी.

आत्या कागदाकडे बघत राहिली. मग ती जे बोलली ते तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

“आमच्याकडे बाजेखाली शेगडी ठेवायचे. तुला माहितीय?”

“ओव्याची, वावडिंगाची धुरी. आजी सांगायची.”

“धुरी थोडा वेळ. निखारे रात्रभर. दारं लावायची, खिडकीला गोधडी. बाळंतिणीला शेक, बाळाला ऊब.” ती थांबली. “एकदा थंडीत पहाटे एका बाळंतिणीला आणलं. शुद्ध अर्धवट. नवीन डॉक्टर होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवला. ते म्हणाले, ऑक्सिजन उत्तम आहे, झटका आला असेल, गरोदरपणातलं बीपी असेल. माझ्या नाकाला तिच्या साडीत कोळशाचा वास आला. मी सासूला विचारलं, शेगडी होती का? होती म्हणाली. मी डॉक्टरांना म्हटलं, सर, हे यंत्र फसतं. ऑक्सिजन लावा, पूर्ण धारेने.”

यंत्र खरंच फसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज करतो, आणि दोन्हींचा लाल रंग त्याला सारखाच वाटतो. माणूस गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ असतात.

“ती वाचली?” मी विचारलं.

“आई वाचली. बाळ नाही.”

आम्ही दोघी गप्प बसलो.

“आणि तुझ्या वेळी,” ती म्हणाली, “तुझ्या आईच्या बाजेखाली शेगडी मीच ठेवली होती. १९९१ ला. तेव्हा मी नोकरीला लागले होते. शिकलेली होते. तरी ठेवली, कारण सगळ्या ठेवायच्या.”

“मला काही झालं नाही, आत्या.”

“कौलं होती म्हणून. कौलांतून उजेड दिसायचा, धूर निघायचा. आता तीच शेगडी स्लॅबच्या खोलीत नेतात आणि सरकत्या काचा घट्ट लावतात. माणूस तोच, शेगडी तीच. घर बदललं.”

हे ऐकताना मला वाटलं, आता आमचं एकमत झालं. नव्हतं झालं. माझं म्हणणं होतं की नियम पाळले तर हीटर सुरक्षित आहे. तिचं म्हणणं होतं की जी वस्तू रोज न चुकता वीस नियम पाळल्यावरच सुरक्षित राहते ती बाळाच्या घरात नको. “नियम जागा माणूस पाळतो,” ती म्हणायची. “तू रात्री तीनला उठलेली असतेस.”

मी नियम वाढवत गेले. हीटरच्या पुढे आणि वर निदान १ मीटर काही नाही. पडदे बांधून ठेवलेले. केसांचा स्प्रे, डासांचा स्प्रे त्या खोलीतच नाही, कारण तापलेला डबा फुटतो. पेटता हीटर जागचा हलवायचा नाही. महिन्यातून एकदा दोन्ही हातांनी यंत्र धरून हलवायचं आणि वात खटकन खाली पडते का बघायचं. भूकंपात आपोआप विझायची सोय इथल्या हीटरना असतेच, पण ती चालते का हे बघायचं काम घरच्यांचं. गेल्या वर्षीचं रॉकेल वापरलं तर वातीवर डांबरासारखा थर बसतो आणि ती अडकते. अडकलेली वात भूकंपात खाली पडत नाही.

एका दुपारी माझ्या नवऱ्याने हीटरच्या वर दोरी बांधून लंगोट वाळत घातले. बर्फात आठ दिवस काही वाळत नव्हतं. आत्याने एक शब्द न बोलता दोरी सोडली आणि ती गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवली. ऊन हवेने हललेला एक लंगोट जाळीवर पडायला किती वेळ लागतो?

जानेवारीत तिचं म्हणणं खरं ठरलं, माझ्याच हातून.

रात्री तीनला बाळ उठलं. आतल्या खोलीत थंडी म्हणून मी बैठकीच्या खोलीत आले, हीटर पेटवला, सरकती दारं लावली आणि भिंतीला टेकून पाजायला बसले. दहा मिनिटांनी विझवायचा, हे मनात होतं. पुढचं आठवतं ते आत्याचा आवाज आणि तोंडावर गार वारा. पाच वाजले होते. दाराच्या फटीतून लाल उजेड दिसला म्हणून ती आली होती. तिने आधी बाळ उचललं आणि दुसऱ्या खोलीत नेलं, मग चारी दारं-खिडक्या उघडल्या, मग हीटर विझवला. याच क्रमाने. मी उठले तर डोकं ठणकत होतं.

“झोप अपुरी आहे, त्यामुळे दुखतंय,” मी म्हटलं.

“असेल. दवाखान्यात चल.”

तिथे डॉक्टरांनी बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर लावला. ९९. आत्या मराठीत म्हणाली आणि मी जपानीत सांगितलं, “बोटावरचं नको, रक्त तपासा.” तपासलं, दोघांचंही. कार्बन मोनॉक्साइड काळजी करण्याइतका नव्हता. जुन्या घराच्या फटींनी आम्हाला सांभाळलं होतं, कौलांनी सांभाळलं होतं तसंच. माझ्या नियमांनी नाही.

घरी येताना मी म्हटलं, “आजच टाकून देते हा हीटर.”

मला वाटलं ती हो म्हणेल.

“टाकू नकोस,” ती म्हणाली. “शेजारच्या आजींनी सांगितलेलं विसरलीस का?” शेजारच्या आजींनी आम्हा दोघींना चहाला बोलावून ११ मार्च २०११ ची गोष्ट सांगितली होती. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला भूकंप झाला आणि वीज गेली. पंख्याचे हीटर, एसी, गरम पाणी, सगळं बंद. बाहेर थंडी. ज्यांच्याकडे विजेशिवाय चालणारा वातीचा हीटर होता त्यांच्या घरी शेजारीपाजारी जमले. आजींच्या हीटरवर किटली होती आणि त्या किटलीवर चार घरांनी वीज येईपर्यंत काढलं. दर थोड्या वेळाने त्या स्वतः खिडकी उघडत होत्या.

“विजेच्या भरवशावर तान्हं बाळ घेऊन बसू नये या गावात,” आत्या म्हणाली. “पण जागा ठरव. ज्या खोलीत कोणी निजतं त्या खोलीत हा जाणार नाही. आणि जी एकटी जागी आहे आणि दमलेली आहे, ती पेटवणार नाही. तू रात्री पाजत असशील तोवर तुझा हात या बटणाला लागणार नाही. रात्री ऊब हवी तर मी उठेन, नाहीतर नवरा उठेल. नाहीतर विजेचं पांघरूण घे.”

मला अजूनही वाटतं की हा नियम तिने पहिल्याच दिवशी घातला असता तर मी तो मानला नसता. आणि तिला अजूनही वाटतं की ज्या देशात इतक्या सोयी आहेत तिथे धुराड्याशिवायचं जळतं यंत्र घरात असूच नये. ते तिने जाताना पुन्हा सांगितलं. मी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र आणून उशाच्या उंचीवर लावलं. ते पाहून ती म्हणाली, “हे चांगलं केलंस. पण हे वाजलं तर उठशीलच असं नाही. मी वाजले तरी तू उठली नव्हतीस.” मला तीन हाका माराव्या लागल्या होत्या.

मार्चच्या अखेरीला तिचं परतीचं विमान होतं. त्याआधी आम्ही दोघींनी हीटर आवरला. टाकी रिकामी केली, खालच्या पात्रातलं उरलेलं रॉकेल पंपाने काढलं, सेल काढून ठेवले, वातीची काजळी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घालवली. कॅनमध्ये ३ लिटरच्या आसपास उरलं होतं. पुढच्या हिवाळ्यासाठी ते ठेवायचं नाही, नाल्यात ओतायचं नाही. मी ते पंपावर नेऊन दिलं आणि रिकामा कॅन झाकण लावून सावलीत ठेवला. आत्याने बॅगेतली दोरी काढून मला परत दिली आणि मी ती अंगणात दोन खांबांना बांधली.

घरी पोहोचल्यावर तिने फोन केला तो मुळात बाळासाठी. पण बोलता बोलता म्हणाली की तिच्या सोसायटीच्या वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये थंडीत घमेल्यात कोळसे पेटवतात आणि दार लावून घेतात, हे आता परत आल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने त्यांना सांगितलं, निखारे बाहेर ठेवा, दारात बसून शेका, आणि झोपायच्या आधी घमेलं लांब नेऊन विझवा. वॉचमन म्हणाले, आमच्या गावी सगळे असंच करतात. तिने त्यांना विचारलं, गावी कौलं आहेत की स्लॅब?

उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, बंद खोलीत अंगीठी आणि सकाळी न उठलेलं कुटुंब. आपल्याकडेही थंडी पडते. नाशिकला पडते, महाबळेश्वरला पडते, विदर्भात तर हाडं गोठवणारी पडते. तुमच्या ओळखीत कोणी वॉचमन, कोणी बाळंतीण, कोणी म्हातारं माणूस दारं लावून शेगडी घेऊन निजत असेल, तर त्यांना आजच्या आज फोन करा, आणि शेगडी बाहेर नेली असं त्यांनी सांगेपर्यंत फोन ठेवू नका.